विचारा की : मित्राचा ट्रॅक्टर बांधात शिरला तर

या खेपेला एकाच विषयावर सात पत्रं आली : मित्रदेशानं अत्याचार केले तर बोलायचं की गप्प बसायचं. विश्रामबागच्या गॅलरीत बसून सगळी दोनदा वाचली. नव्या वाचकांसाठी एक खुलासा आधीच करते. मी परराष्ट्र खात्यात स्टेनोग्राफर होते, सदतीस वर्षं. राजदूत नव्हते. मागच्या महिन्यात कुणीतरी पाकिटावर 'माजी राजदूत' लिहिलं, पोस्टमननं ते जिन्यातच मोठ्यानं वाचलं, आणि तेव्हापासून समोरच्या काकू मला उठून नमस्कार करतात. मी दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली, एवढंच. पण टाइप करताना कुठला शब्द खोडला गेला आणि त्याच्या जागी कुठला आला, ते मात्र डोळ्यांनी पाहिलं. आजच्या उत्तरांना भांडवल तेवढंच आहे.

प्रश्न : ताई, माझी तासगावजवळ द्राक्षबाग आहे. थोरला मुलगा युक्रेनमध्ये खारकीवला डॉक्टरकी शिकत होता, मार्च 2022 मध्ये कसाबसा परत आला. पुढं कीव्हजवळच्या बुचा गावात रस्त्यावर पडलेल्या माणसांचे फोटो त्यानं बघितले आणि तेव्हापासून ताटावर हाच विषय. तो म्हणतो, भारतानं तटस्थ राहून लाज घालवली. बेदाणा सौद्यातली आमची मंडळी म्हणतात, तटस्थ राहिलो म्हणून तर तुझं पोरगं घरी आलं. खरं कुणाचं?

उत्तर : दादा, आधी तारखा लावून घेऊ. अर्धं भांडण तिथंच मिटतं, कारण तुमचा मुलगा एका दिवसाबद्दल बोलतोय आणि सौद्यातली मंडळी दुसऱ्याच.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. 1 मार्चला खारकीवमध्ये खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला हावेरी जिल्ह्यातला एक वैद्यकीय विद्यार्थी हल्ल्यात गेला. हावेरी म्हणजे लांब नव्हे, आपल्या हुबळीच्या पलीकडं. 2 मार्चला आपल्या दूतावासानं खारकीवमधल्या मुलांना कळवलं, की ताबडतोब शहर सोडा, वाहन मिळत नसेल तर चालत निघा, आणि पिसोचिन, बाबाये, बेझल्युदिवका यांपैकी एक गाव संध्याकाळी सहाच्या आत गाठा. त्याच 2 मार्चला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला, रशियानं सैन्य मागं घ्यावं म्हणून. बाजूनं 141, विरोधात 5, तटस्थ 35. त्या पस्तिसांत आपण होतो. त्या संध्याकाळी तो कुठल्या रस्त्यावर होता, हे एकदा मुलाला शांतपणे विचारा. सुमीमधली सातशेच्या आसपास मुलं तर 8 मार्चला निघाली, आणि ती वाट मोकळी ठेवणं मॉस्को आणि कीव्ह दोघांच्याही हातात होतं. त्या दिवशीच्या मताबद्दल मी तुमच्या सौद्यातल्या मंडळींशी भांडणार नाही.

पण बुचा एप्रिलमधलं. मार्चअखेर रशियन सैन्य तिथून निघालं आणि मागं रस्त्यावर, तळघरात, अंगणात माणसं सापडली. काहींचे हात मागं बांधलेले. स्थानिक प्रशासनानं पुढं चारशेहून अधिक मृतदेह मोजले. आपली मुलं तोवर घरी आली होती. 5 एप्रिलला सुरक्षा परिषदेत भारत बोलला. आशय असा, की या बातम्या अतिशय अस्वस्थ करणाऱ्या आहेत, या हत्यांचा आम्ही निःसंदिग्ध निषेध करतो, आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला आमचा पाठिंबा आहे.

आता तुमच्या मुलाला शाळेतलं व्याकरण आठवायला सांगा. 'रामाने रावणास मारले' आणि 'रावण मारला गेला' यांत फरक काय? दुसऱ्यात राम लागत नाही. आमच्या खात्याची, खरं तर सगळ्या देशांच्या परराष्ट्र खात्यांची, सगळी हुशारी या दुसऱ्या वाक्यात आहे. माणसं मारली गेली, निषेध आहे, चौकशी व्हावी. मारली कुणी? कर्ता गायब. नवीन अधिकारी आला की पहिल्या मसुद्यात हमखास कर्ता लिहायचा आणि वरून कागद परत यायचा, कर्त्याच्या डोक्यावर लाल रेघ. एकदा 'तीव्र चिंता' यातला 'तीव्र' ठेवायचा का काढायचा यावर दोन तास गेले होते. तीनदा चहा झाला. शेवटी काढला.

म्हणून मी 5 एप्रिलचं वाक्य पोकळ म्हणणार नाही. रशिया तेव्हा सांगत होता की बुचा हा सगळा बनाव आहे. स्वतंत्र चौकशी मागणं म्हणजे 'तुझा बनाव मी मान्य केलेला नाही' असं मित्राला त्याच्या तोंडावर, पण नाव न घेता सांगणं. आमच्या धंद्यात हे बरंच झालं. दोनच दिवसांनी, 7 एप्रिलला, रशियाला मानवाधिकार परिषदेतून निलंबित करायचं मतदान झालं. 93 बाजूनं, 24 विरोधात, 58 तटस्थ. आपण पुन्हा तटस्थ. इथं मात्र मी तुमच्या मुलाच्या बाजूला बसते. परिषदेतून काढल्यानं युक्रेनमधलं एक घर वाचलं नसतं, कबूल. पण मानवाधिकारांवर देखरेख ठेवणाऱ्या पंचांत त्यालाच बसवून ठेवायचं का, एवढाच त्या दिवशीचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर देता आलं असतं.

सौद्यातल्या मंडळींना आणखी एक सांगा. युद्धाआधी आपण घेत असलेल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. 2023 मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला, कारण भावात सूट मिळत होती. ती घेण्यात पाप आहे असं मी म्हणत नाही. सूर्यफुलाच्या तेलाचा डबा त्या वर्षी कुठं जाऊन बसला होता ते माझ्याही लक्षात आहे. फक्त मार्चमधलं कारण मुलं होती आणि नंतरचं कारण पिंप होतं. दोन्ही एकाच पिशवीत भरू नका.

प्रश्न : आजी, मी कराडला राज्यशास्त्र शिकते. आमच्या नोट्समध्ये 'रशियाचे मित्रदेश' असा एकच गठ्ठा आहे. बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया, मंगोलिया सगळे एकत्र. हे सगळे खरंच एकसारखे वागले का?

उत्तर : नाही ग बाई. नोट्स लिहिणाऱ्याचा शेतीशी संबंध नसावा.

असं समज, शेजारी मोठा बागायतदार आहे. पाणी त्याच्या विहिरीचं, ट्रॅक्टर त्याचा, तुझा ऊस रस्त्यावर न्यायचा तर वाट त्याच्या रानातून. एके दिवशी तो पलीकडच्या गड्याचा बांध कोरतो. कोरतो कसला, अख्खं रान नांगरतो आणि माणसं मारतो. तू काय करशील? कुणी त्याच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसतं. कुणी दार लावून घेतं. आणि कुणी फक्त तलाठ्याकडं जाऊन आपल्या बांधाची मोजणी करून आणतं. आम्ही सांगलीकर या कामात मुरलेले आहोत. वर कोयना, खाली अलमट्टी, मध्ये आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट चढलं ते बघत बसायचं आणि दोन्हीकडं गोड बोलायचं.

ट्रॅक्टरवर बसला तो बेलारूस. हल्ला करणारं सैन्य त्याच्या भूमीतूनही गेलं, आणि 2 मार्चला विरोधात पडलेल्या पाच मतांत एक त्याचं होतं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कझाकस्तान बघ, हे प्रकरण चवीनं वाचण्यासारखं आहे. रशियाशी साडेसात हजार किलोमीटरहून लांब सीमा. जानेवारी 2022 मध्ये देशात दंगे उसळले तेव्हा अध्यक्ष तोकायेव यांनी रशियाच्या पुढाकारातल्या सामूहिक सुरक्षा संघटनेला हाक मारली, रशियन सैनिक आले, राज्य सावरलं. म्हणजे उपकार ताजा. दीड महिन्यानं युक्रेनवर हल्ला झाला. 2 मार्चला कझाकस्तान तटस्थ. 7 एप्रिलला तर रशियाला काढू नका म्हणून मत दिलं. इथपर्यंत तुझ्या नोट्स बरोबर आहेत.

आता 17 जून 2022. सेंट पीटर्सबर्गची आर्थिक परिषद, व्यासपीठावर पुतिन, शेजारच्या खुर्चीवर तोकायेव. रशियानं युक्रेनपासून तोडून स्वतंत्र देश मानलेल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कबद्दल विचारलं. तोकायेव म्हणाले, स्वयंनिर्णयाचा हक्क सगळीकडं लावत बसलो तर जगात 193 च्या जागी पाचशे-सहाशे देश होतील. म्हणून आम्ही तैवान, कोसोव्हो, दक्षिण ओसेशिया, अबखाझिया यांना मान्यता देत नाही, आणि हेच तत्त्व लुहान्स्क-दोनेत्स्कला लागू. आवाज चढवला नाही. निषेध नाही, खेद नाही, चिंतासुद्धा नाही. पण यजमानाच्या घरात, यजमानाच्या शेजारी बसून, त्यानं कोरलेल्या बांधावर सही करायला नकार. स्वतःच्या देशाच्या उत्तरेत रशियन वस्ती मोठी आहे, आज तिकडं सही केली तर उद्या तोच कागद आपल्या दारात येईल, हे त्यांना कळत होतं.

आणि किंमत? कझाकस्तानचं निर्यातीचं तेल सुमारे ऐंशी टक्के एका नळानं रशियातून काळ्या समुद्रावरच्या नोवोरोसिस्क बंदरात जातं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या एका रशियन न्यायालयानं तो नळ तीस दिवस बंद करायचा हुकूम दिला. कारण काय, तर तेलगळतीच्या आराखड्याची कागदपत्रं अपुरी. आठवड्याभरात वरच्या न्यायालयानं तो हुकूम फिरवून दोन लाख रूबल दंड केला आणि विषय संपवला. दोन लाख रूबल म्हणजे त्या नळापुढं चहापाण्याचा खर्च. दोन्हींचा संबंध होता असं कुणी लेखी दिलेलं नाही, देणारही नाही. विहिरीची मोटर नेमकी तुझ्या पाळीला जळते तेव्हा तरी कोण लेखी देतं?

आर्मेनियाचं दुखणं वेगळं. त्याला रशियाचा राग आला तो युक्रेनमुळं नव्हे, स्वतःच्या मारामुळं. सप्टेंबर 2022 मध्ये अझरबैजाननं हल्ला केला आणि सुरक्षा संघटना जागची हलली नाही. 23 नोव्हेंबरला येरेवानमध्ये त्याच संघटनेची बैठक होती, यजमान आर्मेनिया, आणि पंतप्रधान पाशिन्यान यांनी जाहीरनाम्यावर सही केली नाही. पुढच्या सप्टेंबरात अझरबैजाननं नागोर्नो-काराबाख हा आर्मेनियन वस्तीचा मुलूख घेतला आणि तिथून एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक घरदार सोडून निघाले. रशियन शांतिसैनिक तिथंच होते. मग 3 ऑक्टोबर 2023 ला आर्मेनियाच्या संसदेनं 60 विरुद्ध 22 मतांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं सदस्यत्व घ्यायचं ठरवलं. याच न्यायालयानं 17 मार्च 2023 ला युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून पुतिन यांच्यावर अटकेचं वॉरंट काढलं होतं. म्हणजे पुतिन येरेवानला आले तर कागदोपत्री त्यांना धरावं लागणार. भाषण एकही नाही, पण मॉस्कोला जे टोचायचं ते टोचलं.

उलटं उदाहरण मंगोलिया. तो या न्यायालयाचा जुना सदस्य. 2 सप्टेंबर 2024 ला पुतिन उलानबातरला आले, दुसऱ्या दिवशी चौकात मानवंदना झाली, गालिचा अंथरला गेला, अटक झाली नाही. सरकारनं कारण उघड सांगितलं, की आमच्या इंधनाचा 95 टक्के भाग शेजाऱ्यांकडून येतो. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी नोंद केली, मंगोलियानं कर्तव्य पाळलं नाही. बस. उलानबातरची थंडी उणे तीसच्या खाली जाते, एवढं लक्षात ठेव आणि मग हवा तो शेरा मार.

परीक्षेत लिहिताना कोण काय बोललं याची यादी देऊ नकोस. कुणी कशावर सही केली नाही, ते लिही. मार्क कमी पडले तर मला कळव, मी तपासणाऱ्याला पत्र लिहीन, सा. न. वि. वि. घालून.

प्रश्न : ताई, मी फलटणचा, निवृत्त सुभेदार. 1971 ला पूर्व आघाडीवर होतो. पूर्व पाकिस्तानात काय चाललं होतं ते आम्ही आत शिरल्यावर पाहिलं. ते लिहीत नाही. तेव्हा अमेरिका पाकिस्तानच्या पाठीशी होती. आज तीच मंडळी आपल्याला शिकवतात, रशियाचा निषेध करा. यांना तोंड आहे का?

उत्तर : सुभेदारसाहेब, तोंड नाही. ढाक्यातल्या त्यांच्याच माणसांनी ते लिहून ठेवलंय. अमेरिकेचे तिथले वाणिज्यदूत आर्चर ब्लड. 6 एप्रिल 1971 ला त्यांच्या कचेरीतून वीस अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्यांची तार वॉशिंग्टनला गेली, की आपलं सरकार लोकशाहीची गळचेपी आणि अत्याचार यांचा निषेध करत नाही, हे नैतिक दिवाळं आहे. टाइप करणाऱ्या बाईच्या नजरेनं सांगते, त्या कागदात कर्ता होता. ब्लड यांची बदली झाली. निक्सन आणि किसिंजर यांना तेव्हा पाकिस्तान चीनकडं जायचा दरवाजा म्हणून हवा होता. जुलैत किसिंजर इस्लामाबादहूनच गुपचूप बीजिंगला जाऊन आले. दरवाजाच्या बिजागरीला कोण दुखावतो?

सुमारे एक कोटी माणूस तेव्हा आपल्याकडं आला. मी सतरा वर्षांची, गणपती पेठेत टायपिंग शिकायला जायची. नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्राला पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. नवी छपाई व्हायला वेळ होता म्हणून आधी कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच शिक्का मारून दिला होता, 'रिफ्युजी रिलीफ'. आई, बाप, पोरं, छोटं सुखी कुटुंब, आणि त्यांच्या तोंडावर काळा शिक्का. इन्स्टिट्यूटची पत्रं पोस्टात टाकायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं ती शेकड्यानं चिकटवली. जिभेवर डिंकाची चव अजून येते. अर्थखातं तेव्हा आपल्या देवराष्ट्रेच्या यशवंतरावांकडं होतं.

आणि मतदान? 7 डिसेंबर 1971 ला आमसभेत युद्ध थांबवा, सैन्यं मागं घ्या असा ठराव आला. 104 बाजूनं, 11 विरोधात, 10 तटस्थ. अकरांत आपण, सोव्हिएत गट, क्यूबा, मंगोलिया, आणि अडीच महिन्यांपूर्वीच सदस्य झालेला भूतान. उरलेल्या जगानं त्या दिवशी आपल्याला थांबायला सांगितलं. त्या 104 मध्ये कितीतरी देशांना ढाक्यात काय झालं ते माहीत होतं.

इथपर्यंत तुम्ही आणि मी एका बाजूला. आता जरा सांभाळून बसा.

104 हा आकडा मला पुन्हा भेटला. 14 जानेवारी 1980, अफगाणिस्तानात शिरलेलं परकीय सैन्य मागं घ्यावं असा ठराव. 104 बाजूनं, 18 विरोधात, 18 तटस्थ. आपण तटस्थ. भाषणात आपण म्हटलं, मित्रदेशानं दिलेल्या आश्वासनावर संशय घ्यायचं आम्हाला कारण नाही. त्याही आधी, नोव्हेंबर 1956 मध्ये हंगेरीत रशियन रणगाडे फिरले, तिथं संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या या ठरावाच्या विरोधात आपण मत दिलं. कम्युनिस्ट नसलेला तसा देश एकटा आपणच. 1968 ला चेकोस्लोव्हाकियात रशियन फौजा शिरल्या, सुरक्षा परिषदेत आपण तटस्थ. तेव्हा निदान अशोक मेहतांनी त्यावरून केंद्रीय मंत्रिपद सोडलं, एवढी नोंद आपल्या खात्यावर जमा आहे. आणि स्वतः रशियाच्याच लष्करी गटात, वॉर्सा करारात असलेल्या रुमानियानं प्रागला फौज पाठवली नाही. वर बुखारेस्टमध्ये त्यांचे सत्ताधीश चाउशेस्कू यांनी जमावासमोर त्या आक्रमणाचा निषेध केला. हाच चाउशेस्कू घरच्या लोकांचा कसा छळ करत होता ते सांगायला नको. बोलणारा माणूस चांगला असतोच असं नाही, पण त्या दिवशी बोलला ते खरं होतं.

ऐंशीच्या दशकात मी मॉस्कोत होते. आमच्या मजल्यावर फरशी पुसायला एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. मला रशियन बाजारहाटापुरतं यायचं. एका सकाळी मी अफगाणिस्तानवरचं टिपण टाइप करत होते. गुप्त काही नव्हतं, वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा गोषवारा. त्यात एक शब्द सारखा येत होता, 'घडामोडी'. बाई पुसायची थांबल्या, खिडकीकडं बघत म्हणाल्या, "त्सिंक". मला वाटलं बादलीबद्दल बोलतात. मी मान डोलावली. दुपारी दुभाष्याला विचारलं. तो हळूच म्हणाला, जस्ताची पेटी. अफगाणिस्तानातून मुलगा परत आला की त्या पेटीतून, झाकण डाक लावून बंद केलेलं, उघडायची परवानगी नाही. त्यांच्या बहिणीचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी तेच टिपण दुरुस्त होऊन परत आलं. मी पुन्हा टाइप केलं. 'घडामोडी' सगळ्या होत्या तिथंच होत्या. आणि ती पेटी हल्ला करणाऱ्यांच्या घरची होती. काबूलच्या बाजूच्या पेट्या मोजणारं माझ्या टिपणात कुणी नव्हतं.

तेव्हा यांना तोंड आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर, नाही. आपल्यालाही फारसं नाही. म्हणून बुचातला माणूस उठून बसत नाही. आपल्या भागातलंच घ्या. 1791 मध्ये टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मोहिमेबरोबर गेलेल्या मराठी फौजेतल्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. कर्ता लिहिलाय, बघा. हेच परशुरामभाऊ तासगावच्या गणपतीचं मंदिर आणि गोपुर बांधायला घेणारे. शृंगेरीच्या स्वामींना सांत्वनाची पत्रं आणि मदत कुणी पाठवली? टिपूनं. ती कन्नड पत्रं 1916 मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याला मठात मिळाली. टिपूचा त्यात राजकीय स्वार्थ होता का? असणारच, शत्रूला सांत्वन स्वस्त पडतं. पण मठ लुटला गेला नव्हता असं त्यामुळं होत नाही. तासगावकर माझ्यावर रागावतील. रथोत्सवाला मी येणार आहे, तिथं बोलू.

प्रश्न : 'राजदूताला पाचारण केले', 'तीव्र शब्दांत समज दिली' असं पेपरात येतं. म्हणजे खोलीत नक्की काय होतं? चहा देतात का? — एक गृहिणी, वाई

उत्तर : देतात. न देणं हाही एक निरोप असतो, पण मी तो प्रसंग पाहिला नाही. सहसा राजदूताला ठरावीक वेळेला बोलावतात, वेळ मुद्दाम अडचणीची, मध्यरात्र किंवा सुट्टीचा दिवस. बाहेर छायाचित्रकार उभे असतील याची काळजी घेतात. आत वीस मिनिटं. एक अधिकारी कागद वाचतो, दुसरा टिपून घेतो, राजदूत म्हणतो मी माझ्या सरकारला कळवतो. निषेधाचा खलिता तर गमतीचा. तो तृतीयपुरुषी असतो आणि सुरुवातीला अमुक मंत्रालय तमुक दूतावासाला सादर प्रणाम कळवतं. मग मधल्या परिच्छेदात तुमच्या सैन्यानं आमची माणसं मारली. मग शेवटी, आपल्याविषयीच्या परम आदराची पुन्हा ग्वाही. मी पहिल्यांदा टाइप केला तेव्हा हसले. मग आजोबांची जमिनीच्या भांडणाची पत्रं आठवली. तीही 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' म्हणूनच सुरू व्हायची, आणि पुढं कोर्टाची तारीख.

पुढची पायरी, आपला राजदूत परत बोलावणं. जॉर्डनचं बघा. 1994 पासून इस्रायलशी तह, पाणी आणि गॅस तिकडून. गाझावरच्या हल्ल्यांवरून 1 नोव्हेंबर 2023 ला त्यांनी राजदूत परत बोलावला आणि इस्रायलला सांगितलं, तुमचाही सध्या पाठवू नका. तह मात्र मोडला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये इराणचे ड्रोन इस्रायलकडं निघाले तेव्हा जॉर्डननं आपल्या आकाशात ते पाडले. घरच्यांसाठी एक काम, शेजाऱ्यासाठी दुसरं. आपणही गाझावर 27 ऑक्टोबर 2023 ला तटस्थ होतो आणि 12 डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूनं मत दिलं. मधल्या साडेसहा आठवड्यांत काय बदललं? मेलेल्यांचा आकडा, आणि तटस्थांच्या बाकावरची गर्दी कमी झाली.

त्याच्याही पुढं हकालपट्टी. बुचानंतर दोन दिवसांत जर्मनीनं 40, फ्रान्सनं 35, इटलीनं 30 रशियन अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. व्हिएन्नाच्या 1961 च्या करारानुसार कारण सांगावं लागत नाही. आणि खरी टोचणारी पायरी असते ती परवान्यांची. ब्रिटननं सप्टेंबर 2024 मध्ये इस्रायलला शस्त्रं विकायच्या सुमारे 350 परवान्यांपैकी 30 थांबवले. तीनशे वीस चालू. तुम्ही हिशेबात पक्क्या असाल, काय ते समजून घ्या.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेत तरुण पोरांनी युद्धातल्या अत्याचारांविरुद्ध निषेधाचा ठराव मांडायचं ठरवलंय. सरपंच म्हणतात, आपल्याला पाण्याच्या टाकीचं बघायचं सोडून हे कशाला. उपयोग होईल का? — वाळवा तालुका

उत्तर : टाकीला उपयोग होणार नाही. मॉस्को, तेल अवीव किंवा वॉशिंग्टनला तुमची नक्कल कुणी वाचणार नाही. तरी मांडायचा असेल तर टाकीचा विषय आधी घ्या, म्हणजे सरपंच शेवटपर्यंत बसतील. आणि मसुदा मला पाठवा. पोरांनी 'निरपराध नागरिक मारले गेले' असं लिहिलं असणार, मी पैज लावते. कर्ता कुठं बसवायचा तिथं पेन्सिलनं खूण करून परत पाठवीन. सोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट जोडा. मागच्या वेळी चौघांनी जोडलं नव्हतं.